वने निरोगी राखण्याचा बिनखर्ची मार्ग

देशातील वनांची प्रकृती ढासळत चालली आहे, झाडे अवेळी निष्पर्ण होत आहेत, शेंडे वाळत आहेत, अशी ओरड करणाऱ्यांच्या नादी सुज्ञ वाचकाने लागू नये. आजाराचे मूळ तपासणीत असते. आपल्याला आपली वने खरोखर ठणठणीत ठेवायची असतील, तर त्यांतील एकाही झाडाकडे झाड म्हणून पाहायचे नाही, हे पहिले पथ्य कसोशीने पाळावे.

या बाबतीत जर्मनीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे आणि त्याचे अनुकरण कटाक्षाने टाळावे. तेथे १९८४ पासून दर उन्हाळ्यात प्रशिक्षित माणसे दुर्बिणी घेऊन ठरावीक झाडांखाली उभी राहतात, मान वर करून शेंडा न्याहाळतात आणि पालवी किती उणी झाली आहे याची पाच-पाच टक्क्यांच्या टप्प्यांनी नोंद करतात. चौथ्या हिश्शाहून अधिक पाने गेलेली आढळली, की त्या झाडाचे नुकसान झाले असे चक्क लिहून मोकळे होतात. एवढ्या खटाटोपातून त्यांच्या पदरात काय पडले? २०१८ पासून लागोपाठ कोरडे उन्हाळे आले, झाडाच्या सालीखाली पोखरणाऱ्या भुंग्यांनी स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे डोंगरच्या डोंगर वाळवले, आणि धडधाकट म्हणावे असे झाड पाचांत जेमतेम एक उरले आहे, हे त्यांच्याच सरकारला स्वतःच्या अहवालात छापावे लागले. अशी नामुष्की आपण का म्हणून ओढवून घ्यावी?

झाडाकडे न पाहण्याची सोय आपल्याकडे फार आधीपासून आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल काढते. त्यात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या माथ्यांची दाटी किमान १० टक्के भरली, की ती जमीन वनाच्छादित धरली जाते. मालक कोण, झाडे कोणत्या जातीची, कायद्याच्या नोंदीत तेथे वन आहे की आमराई, असले आगाऊ प्रश्न विचारायचे नसतात. या उदार दृष्टीमुळे २०२३च्या अहवालात वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या २१.७६ टक्के भरले आणि त्याबाहेरची झाडे धरून बेरीज २५.१७ टक्क्यांवर गेली. १९८८च्या वननीतीने एक तृतीयांशाचे उद्दिष्ट घातले होते, ते गाठायला आता थोड्या नारळाच्या आणि रबराच्या बागाच काय त्या कमी पडतात. शिवाय प्रतवारीचे पट्टे कसे ऐसपैस आहेत, तेही पाहावे. ४० ते ७० टक्के दाटीचे ते मध्यम घन वन. तेव्हा एखादे रान ६८ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर उतरले, तरी तक्त्यातील त्याची जागा हलत नाही.

छायाचित्राचा मुहूर्तही विचार करूनच धरलेला असतो. अहवालासाठीची उपग्रहचित्रे बहुतांशी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली निवडतात. ढग सरलेले असतात आणि पानझडी रानाने अजून अंगावरचे वस्त्र टाकलेले नसते. कारण रास्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आपण फक्त त्याचा आडफायदा ओळखावा. सागावरची अळी आपला कार्यभाग पावसाळ्याच्या तोंडालाच उरकते. पानाची कड कातरून ती घडी घालते, त्या घडीत दिवस काढते आणि बाहेर येऊन कोवळे पान असे फस्त करते की मागे मधली शीर आणि दोन-चार जाड शिरा उरतात. तिच्यामागून दुसरी अळी येते, ती शिरांना हात लावत नाही. शिरांमधले हिरवे तेवढे खरवडून पानाची जाळी करून ठेवते. पहिल्या हल्ल्यानंतर बिचारा साग साठवलेले अन्न खर्चून पुन्हा पालवतो, आणि चित्र घेण्याच्या वेळी वरून पाहावे तो रान हिरवेच असते. केरळ वन संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात निलंबूरच्या कोवळ्या सागबनांत हिशेब मांडला, तेव्हा अळी नसती तर जेवढे लाकूड वाढले असते त्यातले ४४ टक्के वाढतच नाही, असे निघाले. परंतु न वाढलेल्या लाकडाचा पंचनामा होत नाही. त्याला चोर नाही, गाडी नाही, जप्ती नाही. तेव्हा निर्धास्त असावे.

एवढे करूनही एखादा वनरक्षक ‘सागाची पाने खलास झाली’ असे लेखी कळवील. त्याला रागावू नये. ‘मोसमी पानगळ, कार्यवाहीची आवश्यकता नाही’ असा शेरा मारून कागद दप्तरी दाखल करावा. साग कोरड्या दिवसांत पाने टाकतो आणि कागद जुलैतला आहे, ही विसंगती वरच्या कचेरीत कोणाच्या ध्यानात येत नसते.

मात्र साल वृक्षाच्या बाबतीत थोडे जपून असावे, कारण तो पाने पुन्हा फुटण्याची तसदी घेत नाही, सरळ मरतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात मंडला आणि डिंडोरीच्या सालवनांत खोडकिड्याने थैमान घातले, तेव्हा बुंध्याशी भुशाचे ढीग दिसू लागले, शेंडे पिवळे पडले आणि झाडे इतक्या प्रचंड संख्येने तोडावी लागली की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ताजे ओंडके ठेचून रानात ठेवायचे, त्यांच्या रसाच्या वासाने जमणारे भुंगे वेचायचे आणि ते मोजून मजुरी द्यायची, असा उपाय गावकऱ्यांच्या हातून करून घेतला गेला. बोध एवढाच घ्यावा, की भुसा दिसला तर तो पायाने पसरून टाकावा.

मेलेल्या झाडांची जागा रिकामी राहील, ही भीतीही बाळगू नये. टणटणी, म्हणजे घाणेरी, असतेच. तिला पाणी लागत नाही, निधी लागत नाही, गुरे तोंड लावत नाहीत. खालून सालाचे आणि सागाचे रोप उठत नाही, हे खरे. पण ते पाहायला वाकावे लागते.

आता एक धोक्याची सूचना. सागावरच्या अळीला तिचाच एक विषाणू मारतो आणि त्याची फवारणी करून अळी आवरता येते, हे त्याच केरळच्या संस्थेने दाखवून दिले आहे. पाखरे, मधमाश्या, माणसे यांना त्यापासून अपाय नाही, म्हणजे नकार द्यायला सबबही उरत नाही. तरी घाबरू नये. या उपायासाठी प्रादुर्भाव पहिल्या थोड्याशा क्षेत्रात असतानाच कोणीतरी सागाच्या शेंड्यांकडे पाहणे आवश्यक असते, आणि मध्य भारतात तो काळ नेमका जून-जुलैचा. १९५० पासून आपण १ ते ७ जुलै वनमहोत्सव साजरा करीत आलो आहोत. त्या सप्ताहात बीटावरची, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीतली, सगळी माणसे खड्डे, रोपे, पाहुणे आणि सेल्फीची जागा यांच्या बंदोबस्तात गुंतवावीत, म्हणजे वर पाहायला कोणी मोकळे राहणार नाही. मांडव तेवढा सागाखाली घालू नये. भर हंगामात अळ्यांच्या लेंड्या पावसाच्या भुरभुरीसारख्या खाली पडत असतात, आणि त्या माननीयांच्या फेट्यावर साचल्या तर चौकशी समिती नेमावी लागेल.