वहिनींना मशीन विकायला सांगणारा मेसेज

‘दोन वर्षांत सोलापूरचे कारखाने बंद होणार. रोबो माणसाशिवाय कपडे शिवतात, डॉक्टरशिवाय ऑपरेशन करतात. सौदीने रोबोला नागरिकत्व दिलं. जपानमध्ये रोबोंनी २९ शास्त्रज्ञ मारले. मुलींना शिवणकाम शिकवू नका, मशिनी विकून टाका.’

आठवडाभर हा मेसेज फिरतोय. मी वाचून सोडून दिला होता. रविवारी अशोक चौकात वहिनींकडे गेलो, तर काजाचं मशीन घ्यायचं त्यांनी रद्द केलेलं, आणि पुतणी शिवणकामाच्या कोर्सची भरलेली फी परत मागायला निघालेली! वहिनी वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतायत. आता गप्प बसवत नाही.

आधी कपड्याचंच घेतो, कारण खरं नुकसान तिथे आहे. पहिला औद्योगिक रोबो, ‘युनिमेट’, १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला, तो साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायला. धातूचा भाग ठेवला तिथे, ठेवला तसाच राहतो. कापड मात्र धरलं की लोंबतं, ओढलं की ताणतं, सोडलं की चुरगळतं. त्याचा कोपरा कुठे गेला हे दर वेळी नव्याने शोधावं लागतं.

हे किती अवघड आहे ते टॉवेलच्या गावाला तरी कळायला हवं. २०१० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन हातांच्या ‘पीआर-२’ रोबोला टॉवेलची घडी घालायला लावली. तो टॉवेल उचलायचा, फिरवून फिरवून कॅमेऱ्याने बघायचा, कोपरे शोधायचा, मग घडी घालायचा. ५० पैकी ५० वेळा जमलं, पण एका टॉवेलला सरासरी २४ मिनिटं लागली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फोल्डिंगला बसलेली बाई शेजारणीशी बोलत बोलत टॉवेल झटकते, कोपरे जुळवते आणि गठ्ठ्यावर टाकते. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातल्या संशोधकांचा नवा रोबो तासाला ३० ते ४० घड्यांपर्यंत पोचला. प्रगती मोठी आहे, मान्य. पण त्यासाठी बारा वर्षं लागली, आणि ही नुसती घडी आहे, शिलाई नव्हे.

वहिनी शर्टाला बाही चढवतात तेव्हा बघा. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा किंचित मोठा असतो. तो जास्तीचा भाग त्या अंगठ्याने थोडा थोडा आत सरकवतात, चुणी पडू देत नाहीत, आणि पायाने मशीनचा वेग कमी-जास्त करतात. २०१६ मध्ये अमेरिकेत ‘सोबो’ या कंपनीने रोबोकडून टी-शर्ट शिवून घेतला खरा, पण त्यासाठी कापड आधी पाण्यात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकने पुठ्ठ्यासारखं कडक करावं लागलं, शिवून झाल्यावर ते धुऊन काढलं.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. कटिंगची मशिनं आली आहेत, काज-बटणाची आली आहेत, रॅपिअर या बिनधोट्याच्या मागावर साध्या मागापेक्षा माणसं कमी लागतात. काही हातांचं काम गेलं, पुढेही जाईल. पण ‘दोन वर्षांत सगळं बंद’ हे कुणी, कशावरून ठरवलं? सोलापूरची लक्ष्मी-विष्णू कापड मिल बंद पडली तेव्हा काय रोबो आले होते?

बाकीचं थोडक्यात. ऑपरेशनच्या ‘दा विंची’ रोबोला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली, पण त्याचे हात सर्जन स्वतः कन्सोलवर बसून हलवतो. त्याला रोबो म्हणतात म्हणून तो डॉक्टर होत नाही. माणसासारख्या दिसणाऱ्या ‘सोफिया’ रोबोला २०१७ मध्ये सौदीने नागरिकत्व जाहीर केलं हे खरं, पण तो समारंभातला देखावा होता, त्यातून तिला अक्कल आल्याचं सिद्ध होत नाही. आणि २९ शास्त्रज्ञांची गोष्ट साफ खोटी आहे, अशा घटनेचा कुठलाही पुरावा नाही. रोबोमुळे माणसं दगावली आहेत. १९७९ मध्ये मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात एक कामगार यंत्राच्या हाताचा मार लागून गेला. तो सुरक्षेतल्या हलगर्जीचा बळी होता. त्याच्या मरणावर भुताची गोष्ट रचू नका.

माझा खरा राग ‘मशिनी विकून टाका’ या ओळीवर आहे. भीतीपोटी विकायला काढलेल्या मशीनला निम्मीसुद्धा किंमत येत नाही, आणि जून तोंडावर असताना गणवेशाची ऑर्डर हातची गेली तर ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्याच दारात उभं राहतं. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोण वहिनींना ते पैसे भरून देणार आहे?

काजाच्या मशीनवाल्याला मी कालच फोन केला. त्याने मशीन शनिवारपर्यंत ठेवायचं कबूल केलंय.