या 'सेट'ने डोक्याचा पार भुगा केलाय

'सेट अप', 'सेट-अप' आणि 'सेटअप'. एकाच माहितीपुस्तिकेत, एकाच पानावर, एकाच अर्थाने तीन तऱ्हा! आणि विचारलं की वर तोंड करून उत्तर, "काय फरक पडतो? अर्थ कळतोय ना?" नाही कळत. आणि जिथे कळतो तिथे तो वाचणाऱ्याच्या कष्टाने कळतो, लिहिणाऱ्याच्या नाही.

इंग्रजी मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि रोज याच शब्दाशी झटापट. नियम काही अवघड नाही हो. क्रिया असेल तर दोन शब्द सुटे. वस्तू किंवा मांडणी असेल तर ब्रिटिश शब्दकोश मध्ये हायफन देतात, अमेरिकन मेरियम-वेबस्टर सलग लिहितो. दोघांपैकी कुणाचंही ऐका, पण एकाचंच ऐका! ओळखायची खूणही सोपी आहे. मध्ये 'इट' घालून बघायचं. 'सेट इट अप' म्हणता येत असेल तर ते क्रियापद, तोडून लिहा. तरी जिथे बघावं तिथे 'प्लीज सेटअप युअर अकाउंट' आणि 'प्लीज लॉगिन'. भूतकाळात 'लॉग्ड इन' लिहिता ना? 'लॉगिन्ड' तर कुणी लिहीत नाही. मग आज्ञा देतानाच ते दोन शब्द एकमेकांना का चिकटतात?

स्पेलचेकवर विसंबावं तर तो ढिम्म. तिन्ही रूपं त्याला बरोबरच वाटतात, लाल रेघ येणार कुठून? 'सेटअप' शोधावं तर 'सेट-अप' सापडत नाही. वैतागून 'रिप्लेस ऑल' दाबावं तर धडधाकट क्रियापदांचीही वाट लागते. त्यात कुणीतरी पीडीएफमधून उतारा उचलून आणतो आणि त्याच्यासोबत सॉफ्ट हायफन येतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण शब्दाच्या पोटात बसून राहतात. शब्द समोर लख्ख दिसतोय आणि शोध म्हणतोय, असा शब्द नाही! ओळीच्या शेवटी हायफन आला तर आणखी पंचाईत, कारण तो शब्दाचा स्वतःचा आहे की जागा संपली म्हणून पडलाय, हे पानाकडे बघून ठरवताच येत नाही. एरवी चालेल, पण 'रिसाइन' घ्या. हायफन नसेल तर राजीनामा, असेल तर पुन्हा सही. एवढ्याशा आडव्या रेघेवर माणसाची नोकरी!

'प्रेझेंट' हा शब्द तर ओळीअखेर तोडायची सोयच नाही. नाम असेल तर तो 'एस'नंतर तुटतो, क्रियापद असेल तर 'एस'च्या आधी. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी फ्रँकलिन लियांग यांनी शब्द तोडण्याची पद्धत बसवली, तिच्यावरचा त्यांचा प्रबंध 1983 चा. त्या प्रणालीतल्या अपवादांच्या छोट्याशा यादीत 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' आहेत, आणि त्यांच्यापुढची सूचना एवढीच, की हे तोडूच नका. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. जिथे कळत नाही तिथे हात लावला नाही. आमच्याकडे मात्र न कळणाराच आधी हात घालतो.

शब्दकोशवाल्यांनीही सांभाळून घेतलं नाही. 2007 साली शॉर्टर ऑक्सफर्डने सुमारे 16,000 हायफन काढून टाकले. लोकांना ते कुठे द्यायचे याची खात्री राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं. मान्य. पण काही शब्द जोडले आणि काही तोडले. 'बम्बलबी' सलग झाला, 'आइस क्रीम' सुटा. आता हे पाठ करायचं आमच्यासारख्यांनी.

आणि 'सेट'चे अर्थ! ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत या एका क्रियापदाच्या 430 अर्थछटा आहेत, आणि त्या सांगायला सुमारे 60,000 शब्द लागलेत. सूर्य मावळतो तो सेट, सिमेंट घट्ट होतं ते सेट, मोडलेलं हाड बसवतात ते सेट. कोर्टाने निकाल 'सेट असाइड' केला तर तो रद्द झाला, आणि पैसे 'सेट असाइड' केले तर ते राखून ठेवले. एक गेलं, एक राहिलं, शब्द तेच!

यावर कुणीतरी हमखास म्हणतं की आपल्या 'लावणे'चेही ढीगभर अर्थ आहेत. आहेत ना. दिवा लावतो, झाड लावतो, दार लावतो, चुनाही लावतो. पण लावतो, लावला, लावेन, लावा यातलं काय चाललंय हे क्रियापद स्वतः सांगतं. 'सेट' सांगत नाही. 'दे सेट द रेट' म्हणजे दर ठरवतात की ठरवला? करारात असं वाक्य आलं की मी ते लाल करून परत पाठवते, आणि ते तसंच माझ्याकडे परत येतं. शेजारी शेरा, 'संदर्भावरून कळेल'.

संदर्भ असतो कुठे? यंत्राच्या पडद्यावरचे शब्द आमच्याकडे नुसत्या यादीत येतात, पुढेमागे काही नाही. परवा त्यात होतं, 'अलार्म सेट'. ही आज्ञा आहे, की गजर लागल्याची खबर आहे, की गजरांचा संच आहे? विचारलं तर उत्तर आलं, 'जसं आहे तसं ठेवा.' म्हणजे रात्री अर्धवट झोपेत ते वाचणाऱ्याने ठरवायचं, गजर लागलाय की अजून लावायचाय! अहो, बटण असेल तर 'सेट अलार्म' लिहा, काम झालं असेल तर 'अलार्म इज सेट' लिहा. एक 'इज' जास्त टाकायला काय जातं तुमचं?