"पण चिप ६४-बिटच आहे ना?" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुद्द्याला धरून आणि हातचं न राखता लिहिलंत, त्याबद्दल आभार. मधूनच वाचायला आलेल्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. 'कंपायलरच्या बॅकएंडमध्ये एबीआयसाठी एक वेगळा ऑब्जेक्ट ठेवा आणि एबीआयचे प्रश्न त्यालाच विचारा', असं मी मूळ लेखात म्हटलं होतं. (बॅकएंड म्हणजे कंपायलरचा चिपसाठी इन्स्ट्रक्शन बनवणारा भाग; एबीआय म्हणजे वेगवेगळे कंपाइल झालेले तुकडे एकमेकांना आर्ग्युमेंटं कशी देतील, कुठली रजिस्टरं जपतील याचा करार.) तुमच्या मते हा साध्या गोष्टीचा बाऊ आहे. कुठलं आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागेत) जातं याचा तक्ता लिहिला की एबीआय संपला, आणि बाकी सगळीकडे 'चिप ६४-बिट आहे का' एवढं तपासलं की भागतं. तुमच्या टीमच्या बॅकएंडमध्ये असंच आहे आणि सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत. शिवाय मी उदाहरणं दिली मिप्स या जुन्या प्रोसेसर घराण्याची, आणि मिप्स आता वापरतंय कोण?

सुरुवात ६४-बिटच्या तपासणीपासून करतो, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे. चिप काय करू शकते हा एक प्रश्न. वेगवेगळ्या कंपायलरांनी, वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या दोन ऑब्जेक्ट फाइलींनी आपसात काय ठरवलंय हा दुसरा. एबीआय हा दुसऱ्याचा विषय आहे आणि चिपला त्याचा पत्ताही नसतो.

मिप्सचं एन३२ घ्या. सिलिकॉन ग्राफिक्सने आयरिक्स ६ च्या काळात आपल्या ६४-बिट मशीनांसाठी एन६४ आणि एन३२ हे दोन एबीआय आणले. एन३२ मध्ये रजिस्टरं पूर्ण ६४ बिटांची वापरायची, पण पॉइंटर आणि लाँग ३२ बिटांचेच ठेवायचे, म्हणजे मेमरी वाचते. चिप तीच, इन्स्ट्रक्शनही त्याच. आता तुमचा 'इज-६४' (म्हणजे 'चिप ६४-बिट आहे का' हा प्रश्न) इथे काय उत्तर देणार? 'हो' म्हणाला, तर पॉइंटरांच्या ॲरेतून एक पॉइंटर उचलताना ८ बाइट वाचले जातील आणि शेजारचा पॉइंटरही सोबत येईल. हे त्यातल्या त्यात बरं, कारण प्रोग्रॅम लगेच कोसळतो. 'नाही' म्हणाला, तर फंक्शनच्या सुरुवातीला जपून ठेवायच्या रजिस्टरांचे खालचे ३२ बिटच स्टॅकवर जातील. कॉल करणाऱ्याने त्यात ६४-बिट आकडा ठेवला असेल तर त्याचा वरचा अर्धा भाग गेला. कुठे एरर नाही, कुठे वॉर्निंग नाही. पुढे कधीतरी तिसऱ्याच फंक्शनात आकडा चुकलेला दिसतो आणि तिथे बसून माणूस डोकं खाजवतो.

म्हणूनच एलएलव्हीएम या खुल्या कंपायलर-संचाच्या मिप्स बॅकएंडमधला एबीआयचा वर्ग (क्लास) हे दोन प्रश्न वेगळे ठेवतो: पॉइंटर ६४ बिटांचे आहेत का (फक्त एन६४ ला हो), आणि जनरल रजिस्टरं ६४ बिटांची वापरायची का (एन३२ आणि एन६४ दोघांना हो). एन३२ साठी बनलेला कुठलाही प्रोलॉग (फंक्शनच्या सुरुवातीची तयारी) उघडून बघा. स्टॅक पॉइंटर खाली ओढणारी बेरीज ३२-बिट, आणि लगेच खाली परतीचा पत्ता जपणारं स्टोअर ६४-बिट. एकाच होय-नाहीतून या दोन्ही ओळी बरोबर यायच्या कशा?

आणि हे कोड जनरेटरपुरतंच नाही. ८ ते ११ नंबरची रजिस्टरं ओ३२ या मिप्सच्या जुन्या ३२-बिट एबीआयमध्ये टी० ते टी३ असतात, टेम्पररी. एन३२ आणि एन६४ मध्ये त्याच चौघांना ए४ ते ए७ म्हणतात आणि त्यांतून आर्ग्युमेंटं येतात. तेव्हा असेंब्लरलाही विचारावं लागतं, तुझा एबीआय कोणता.

आता तक्ता. तक्त्याची एक ओळ एका वेळी एकच आर्ग्युमेंट बघते. ओ३२ मध्ये ते पुरत नाही. पहिली दोन आर्ग्युमेंटं डबल (६४-बिट अपूर्णांक) असतील तर ती एफ१२ आणि एफ१४ या फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांतून जातात. पण पहिलं इंट आणि दुसरं डबल असेल, तर इंट जातो ए० मध्ये, ए१ रिकामं सोडलं जातं, आणि तोच डबल ए२-ए३ या पूर्णांकांच्या जोडीतून जातो. म्हणजे डबलची जागा त्याच्या आधी कोण आलं यावर ठरते. एलएलव्हीएममध्ये तक्ता लिहायची उत्तम सोय असूनही ओ३२ साठी हे सी++ मध्ये हाताने लिहावं लागलं. रिस्क-व्ही या नव्या, खुल्या इन्स्ट्रक्शन सेटचंही तेच.

त्याहून अवघड प्रकरण आहे एन६४ मधल्या लाँग डबलचं. तो १२८ बिटांचा असतो आणि फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांच्या जोडीतून जातो. पण चिपकडे १२८-बिट फ्लोटची इन्स्ट्रक्शनच नाही, म्हणून आर्ग्युमेंटं वाटायची वेळ येण्याआधीच बॅकएंड त्याचे ६४-बिटचे दोन पूर्णांक करून टाकतो. तक्त्यापुढे येतात ते दोन निरुपद्रवी पूर्णांक, आणि तक्ता त्यांना इमानदारीत पूर्णांकांच्या रजिस्टरांत बसवणार! त्यामुळे एलएलव्हीएमला 'हे आर्ग्युमेंट मुळात १२८-बिट फ्लोट होतं' अशी वेगळी नोंद शेवटपर्यंत सांभाळावी लागते. ही नोंद तुमच्या तक्त्याच्या कुठल्या रकान्यात ठेवाल?

मिप्स संपलं, हे मान्य. खुद्द मिप्स कंपनीनेच २०२१ मध्ये रिस्क-व्हीची वाट धरली. पण दुखणं तिकडेही सोबत गेलं. डबलची सोय असलेली एकच ६४-बिट रिस्क-व्ही चिप घ्या. तिच्यावर एलपी६४, एलपी६४एफ आणि एलपी६४डी असे तीन एबीआय चालतात. एलपी६४डी मध्ये एफएस० सारखं जपायचं रजिस्टर पूर्ण ६४ बिट जपलं जातं. एलपी६४एफ मध्ये फक्त ३२ बिट जपल्याची हमी असते, म्हणजे त्यात ठेवलेला डबल कॉलनंतर शाबूत राहील असं धरता येत नाही. एलपी६४ मध्ये तर कसलीच हमी नाही. आता 'चिपला डबल येतं का' हे विचारून यातलं काय ठरवणार? उत्तर तिन्ही वेळा 'हो' असंच येणार. म्हणूनच रिस्क-व्हीसाठी कंपायलरला इन्स्ट्रक्शन सेट आणि एबीआय दोन वेगळ्या पर्यायांनी सांगायचे असतात, ईएलएफ या प्रकारच्या ऑब्जेक्ट फाइलीच्या हेडरमध्ये फ्लोटच्या एबीआयसाठी दोन बिट राखलेले आहेत, आणि ते जुळले नाहीत तर लिंकर (फाइली जोडणारं टूल) सरळ नकार देतो. एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) करताना ही माहिती वाटेत हरवू नये म्हणून एबीआयचं नाव आयआरमध्येच (कंपायलरच्या मधल्या, अंतर्गत भाषेतच) मॉड्यूलच्या पातळीवर लिहून ठेवावं लागलं.

आपल्याकडे बरेच जण सी-डॅकच्या तेजस३२ या ३२-बिट रिस्क-व्ही चिपवर प्रयोग करतात, त्यांची यातून सुटका आहे. त्यातल्या वेगा कोअरमध्ये फ्लोटिंग पॉइंटच नाही, त्यामुळे आयएलपी३२ (फ्लोटची रजिस्टरं न वापरणारा ३२-बिट एबीआय) सोडून दुसरीकडे जायचा प्रश्न येत नाही.

तुमची एक धास्ती मात्र मला पूर्ण पटते: असा वर्ग एकदा केला की त्यात काहीही कोंबलं जातं. एलएलव्हीएमच्या याच मिप्स वर्गात 'पॉइंटरची बेरीज कुठल्या इन्स्ट्रक्शनने करायची' हेही येऊन बसलंय, आणि ते मला खटकतं. त्याने रुंदी सांगावी, इन्स्ट्रक्शन निवडणाऱ्यांनी निवडावी. शिवाय त्याच्याकडे सगळी उत्तरं नसतात. ओ३२ मध्ये कॉल करणाऱ्याने आर्ग्युमेंटांसाठी स्टॅकवर १६ बाइट राखायचे असतात, आर्ग्युमेंट एकही नसलं तरी. पण कॉल आतल्या आत, फास्टसीसी (एलएलव्हीएमची अंतर्गत, जलद) पद्धतीचा असेल तर शून्य. हा आकडा सांगणारं फंक्शन एबीआयच्या वर्गात आहे, पण कॉलिंग कन्व्हेन्शन (त्या कॉलची पद्धत) कोणतं ते त्याला बाहेरून सांगावं लागतं. फाइलभराचा करार आणि एकेका फंक्शनची सवलत या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकट्या ऑब्जेक्टने दोन्ही सुटत नाहीत.

राहिल्या तुमच्या हिरव्या टेस्ट. कॉल करणारं आणि कॉल होणारं, दोन्ही फंक्शनं तुमच्याच कंपायलरने बनवलेली असतील तर दोघांचं मिळून एकच चुकतं आणि टेस्ट पास होते. चूक दिसायला समोर परका कंपायलर लागतो. जीसीसी या कंपायलरच्या टेस्टमध्ये 'कॉम्पॅट' नावाचा भाग यासाठीच आहे: अर्ध्या फाइली एका कंपायलरने, अर्ध्या दुसऱ्याने, मग लिंक करून चालवायच्या. क्लँग या एलएलव्हीएमच्या सी कंपायलरच्या सोर्समध्येही याच कामासाठी रँडम टाइप आणि फंक्शनं बनवणारं एक पायथन टूल आहे.

तुमच्या बॅकएंडवर एवढं करून बघा: इंटनंतर डबल घेणारं फंक्शन, एक डबल आणि एक इंट असलेला छोटा स्ट्रक्ट, प्रिंटएफसारखं कितीही आर्ग्युमेंटं घेणारं फंक्शन, आणि शेवटी ज्यात कॉलच्या आधी सगळी जपायची रजिस्टरं ६४-बिट आकड्यांनी भरून कॉलनंतर तपासली आहेत असं एक. निम्मं तुमच्या कंपायलरने, निम्मं जीसीसीने, मग उलटापालट करून पुन्हा. निकाल इथेच खाली टाका, आणि पडलं काही तर कुठला पर्याय देऊन बांधलं होतं तेही लिहा. बाकीच्यांच्याही कामी येईल.