ट्रेलरपुढे नतमस्तक कसे व्हावे

सुज्ञ प्रेक्षकहो, ट्रेलर म्हणजे जाहिरात असे म्हणणारा एखादा अरसिक आपल्या घरात असेल, तर तेवढ्या अडीच मिनिटांपुरते त्याला कोथिंबीर आणायला पाठवावे. ॲरिस्टॉटलने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी श्रोत्याचे मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यांची तर्कसंगती. बिचाऱ्याच्या काळात त्यासाठी लांबलचक भाषण ठोकावे लागत असे. आपल्याकडे ते काम ढोल-ताशा आणि थोड्याशा धुक्यात आटोपते.

प्रथम पत. ‘अमुक सुपरहिट चित्रपटाच्या निर्मात्यांकडून’ ही ओळ पडद्यावर येताच हात जोडावेत. त्या चित्रपटाचे लेखक, दिग्दर्शक आणि संकलक यांच्यापैकी या चित्रपटात कोणी आहे का, असल्या क्षुल्लक चौकशा करू नयेत. आचारी बदलला तरी खानावळीची पाटी तीच आहे, एवढे पुरे. पुढे ‘सत्य घटनेवर आधारित’ असे येते. कोणती घटना आणि किती आधार, हेही विचारू नये. चित्रपटगृहातले दिवे मालवल्यावर कधीकधी हीच मंडळी बारीक अक्षरांत सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असल्याचे कबूल करतात, परंतु ती पाटी वाचून होण्याआधीच निघून जात असल्यामुळे आपल्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

खरी साधना भावनेची. त्यासाठी एखाद्या मराठी ऐतिहासिक चित्रपटाचा ट्रेलर लावावा. पहाटेच्या धुक्यात गड उभा असतो, संथगतीने चिखल उडवत घोडे येतात, आणि एक माऊली मुलाच्या कपाळी टिळा लावताना तिचा हात किंचित थरथरतो. तो थरथरला की आपणही डोळे टिपावेत, कारण ही बाई कोण आणि तिचा मुलगा कुठे निघाला आहे, यातले काहीही ठाऊक नसताना रडता येणे ही साधी गोष्ट नव्हे. मग संगीत एकाएकी थांबते आणि पडदा दोन सेकंद काळा होतो. ही शांतता फार मोलाची आहे. तिच्यानंतर कोणी ‘जरा पाणी आण’ एवढेच म्हणाले, तरी अंगावर काटा यावा अशी तिची योजना असते. काटा न आल्यास आवाज वाढवावा, पण कमी मात्र कधीही करू नये. मी एकदा तो पूर्ण बंद करून ट्रेलर पाहण्याचा करंटेपणा केला, तेव्हा एक गृहस्थ बराच वेळ तोंड उघडून उभे होते आणि त्यांचा घोडा भलतीकडेच पाहत होता.

तर्काचे काम थोडक्यात उरकते. २४ तासांत इतक्या लाख लोकांनी ट्रेलर फुकट पाहिला, म्हणून आपण चित्रपट पैसे देऊन पाहावा.

एवढे करून पाहिलेले चित्रपटात सापडले नाही, तर तक्रारीचा मोह आवरावा. २०१६ साली ‘फॅन’ या हिंदी चित्रपटाच्या प्रचारात जोरात वाजलेले गाणे प्रत्यक्ष चित्रपटात नव्हतेच, म्हणून औरंगाबादच्या एका आईने ग्राहक मंचाकडे धाव घेतली. गाणे न दिसल्याने मुले रात्री जेवली नाहीत आणि त्यांची ॲसिडिटी वाढली, असे तिचे म्हणणे होते. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली, राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च देववला, राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय उचलून धरला, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रचाराचा ट्रेलर एकतर्फी असतो, प्रेक्षकाने तिकीट काढावे एवढाच त्याचा हेतू असतो आणि त्यातून कोणताही करार होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. कायद्याला धरून ते योग्यच असेल. पण मग आपण रडलो, शहारलो, तेही सारे एकतर्फीच म्हणायचे. कॉलेजच्या कट्ट्यावर वर्षे काढलेल्यांना या प्रकाराची सवय असते.

तेव्हा येत्या शुक्रवारी सहकुटुंब जरूर जावे. मुलांना तेवढे निघण्यापूर्वी पोटभर वरणभात खाऊ घालावा.