मिस्टर परफेक्टची पाठ आणि ब्रेट हार्टचा शार्पशूटर

रेसलिंगचा विषय निघाला की कोणीतरी "अरे ते सगळं ठरवलेलं असतं" म्हणतोच. असतं. नुरा कुस्ती आहे ती, आणि तिकीट काढणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. मला पडतो तो प्रश्न पुढचा. निकाल ठरलेला असूनही काही मॅच तीसेक वर्षांनी परत बघाव्याशा का वाटतात? त्यातही खुर्च्या-टेबलं न मोडता, नुसत्या पकडींवर चाललेल्या?

माझ्यापुरतं उत्तर 26 ऑगस्ट 1991 च्या समरस्लॅममध्ये, म्हणजे WWF (आताची WWE) या अमेरिकन रेसलिंग कंपनीच्या एका मोठ्या शोमध्ये आहे. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, इंटरकॉन्टिनेन्टल पट्टा (कंपनीतला दुसऱ्या क्रमांकाचा किताब), चॅम्पियन मिस्टर परफेक्ट म्हणजे कर्ट हेनिग, आणि समोर ब्रेट हार्ट. दोघंही रेसलरांच्या घरातले. कर्टचे वडील लॅरी हेनिग, तर ब्रेटचे वडील स्टू हार्ट. कॅल्गरीत राहत्या घराच्या तळघरात पोरांना पिळून काढणारे ते हेच. त्या रात्री ब्रेटचे आईवडील प्रेक्षकांत बसले होते. ब्रेट तोवर जिम नाइडहार्टबरोबर जोडीने लढणारा. WWF मध्ये एकट्याच्या नावावर पट्टा नव्हता.

(आमच्या पिढीने ब्रेटला ट्रम्प कार्डांवर ओळखलं. छाती, वजन, बायसेप. या खेळात ब्रेटचं कार्ड हातात आलं की तोंड वाकडं व्हायचं. त्याच्याकडे जे होतं त्याचा रकानाच कार्डावर नव्हता.)

पट्ट्याच्या मॅचचा एक नियम असा की चॅम्पियन पंचाची मोजणी संपेपर्यंत रिंगबाहेर राहिला किंवा नियम मोडून बाद ठरवला गेला, तर तो मॅच हरतो, पण पट्टा त्याच्याकडेच राहतो. हा नियम नुसता कागदावर असला तर काही उपयोग नाही. इथे परफेक्ट खरंच पट्टा उचलून चालायला लागतो. बघा ते. ब्रेटच्या पकडी बसायला लागल्यात, तेव्हा कशाला थांबायचं, असा सरळ व्यवहारी विचार. ब्रेट मागून जातो, त्याला ओढून परत आणतो आणि त्या ओढाताणीत परफेक्टचा पोशाख फाटतो. पुढची सगळी मॅच तो चॅम्पियन फाटक्या कपड्यांत लढतो. नावात परफेक्ट असलेल्या माणसाची यापेक्षा जास्त शोभा काय करणार?

दुसरी गोष्ट मार खाण्याची. पकड लावणारा कितीही तरबेज असो, ती किती दुखते हे प्रेक्षकाला सांगतो तो समोरचा. या कामात हेनिगचा हात धरणारा मला तरी दुसरा दिसत नाही. केस धरून फेकलं की गडी अख्खा घरंगळत जायचा. आणि हे सगळं तो त्या रात्री खऱ्याखुऱ्या दुखावलेल्या पाठीनिशी करत होता. त्यानंतर तो वर्षाहून जास्त काळ रिंगबाहेर राहिला, 1992 च्या नोव्हेंबरात परतला. ठरवलेल्या खेळात पाठ मात्र ठरवून दुखत नाही.

आणि शेवट. परफेक्टचा हुकमी डाव, परफेक्टप्लेक्स, लागतो आणि ब्रेट तीन मोजायच्या आत सुटतो. मग परफेक्ट खालच्या पातळीवर उतरतो. पडलेल्या ब्रेटच्या पोटाखाली पायाचे घाव घालतो. पुन्हा घालायला जातो तेव्हा ब्रेट खाली पडल्या पडल्या तो पाय धरतो, दोन्ही पाय गुंतवतो, उठता उठता त्याला पालथा करतो. शार्पशूटर. जपानमध्ये रिकी चोशूने गाजवलेला हा डाव सगळा भार कंबरेवर टाकतो. परफेक्टने लगेच हार मानली. चितपट व्हायला क्षणाची चूक पुरते. स्वतःच्या तोंडाने "बस" म्हणणारा चॅम्पियन वेगळाच हरतो.

आता याच्या शेजारी 1996 च्या रेसलमेनियातली ब्रेट विरुद्ध शॉन मायकल्स ठेवा. साठ मिनिटांची आयर्न मॅन मॅच, म्हणजे तेवढ्या वेळात समोरच्याला जास्त वेळा हरवेल तो जिंकला, दर वेळेला एक गुण. लोक तिला सर्वश्रेष्ठ म्हणतात. मी म्हणत नाही. कौशल्य तिप्पट आहे, दमसास अफाट आहे, पण शॉन ब्रेटचा हात इतका वेळ पिरगाळतो आणि शेवटच्या टप्प्यात त्या हाताला काही झालं होतं असं वाटतच नाही. मग तो वेळ गेला कुठे? तासाभरात एकही गुण नाही. वेळ संपते तेव्हा शॉन शार्पशूटरमध्ये अडकलेला, आणि ब्रेट पट्टा घेऊन निघतो. बरोबरी झाली तर चॅम्पियन चॅम्पियनच. आपल्याकडच्या मैदानात कुस्ती बरोबरीत सोडवली की जी चुळबुळ होते, ती इथेही होणार होती. तेवढ्यात WWF चा पडद्यावरचा अध्यक्ष गोरिला मॉन्सूनचा हुकूम येतो की निकाल लागेपर्यंत लढा. दोन मिनिटांच्या आत शॉनच्या लाथेने निकाल.

दोन्हीकडे चॅम्पियन निघून चालला होता. 1996 मध्ये त्याला साहेबांच्या हुकमाने परत बोलावलं, 1991 मध्ये आव्हान देणाऱ्याने स्वतः कपडे धरून ओढत आणलं. मला दुसरं आवडतं, कारण तिथे पट्टा कोणाला जास्त हवाय ते कोणी सांगावं लागत नाही.

1992 ची लंडनच्या वेम्बलीवरची ब्रेट विरुद्ध ब्रिटिश बुलडॉग मॅच या 1991 वाल्या मॅचहून भारी म्हणणारे येतीलच. या, भांडू. फक्त कोणी अंडरटेकरला मध्ये आणू नका, तो माझाही लाडका आहे, पण हा त्याचा प्रांत नाही.