आमदारकीचा फेरफार

माझे वडील आणि आमच्या मतदारसंघाचे आमदार यंदा मृगात, बारा दिवसांच्या अंतराने गेले. दोघांच्याही वारसांना नोंद लावून घ्यायची होती. आमदारांच्या चिरंजीवांची नोंद कार्तिक संपण्यापूर्वी झाली आणि तिला गुलाल लागला, हलगी लागली, जेसीबीतून फुलेही लागली. माझा फेरफार, म्हणजे वडिलांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याची नोंद, मात्र मार्गशीर्ष निम्मा सरला तरी प्रलंबित आहे. या काळात मला जे ज्ञान प्राप्त झाले, ते पोटनिवडणुकीला पुढेमागे सामोरे जाणाऱ्या इतर मतदारांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे. मतदारसंघाचे नाव मुद्दाम देत नाही. मराठवाड्यात कुठेही राहणाऱ्या वाचकाने तो आपलाच समजावा. फारशी चूक होणार नाही.

सर्वप्रथम, शोक मनापासून करावा, परंतु डोळे उघडे ठेवून करावा. आमचे आमदार माणूस म्हणून वाईट नव्हते. लग्नाला यायचे, मयतीला यायचे, आणि फोन उचलला नाही तर निदान दुसऱ्या दिवशी उलटा करायचे. म्हणून दहाव्याला मीही गेलो. पिंडाला कावळा शिवायच्या आत घाटावर बसलेल्या मंडळींमध्ये पुढच्या उमेदवाराविषयी एकमत झाले होते. कोणाला तसबिरीशेजारी बसवले आहे, कोणाच्या खांद्यावर कोणत्या पक्षाचा नेता हात ठेवतो आहे आणि धाकट्या भावाला जाणीवपूर्वक कुठे मागे उभे केले आहे, एवढे पाहिले की उमेदवारीची घोषणा ऐकण्यासाठी वृत्तवाहिन्या लावण्याची गरज उरत नाही.

उमेदवाराचे शिक्षण, व्यवसाय आणि विचार यांची चौकशी करू नये. नाक वडिलांवर गेले आहे की नाही, एवढेच पाहावे.

हा केवळ आपल्याच गावचा रिवाज आहे असे समजून कोणी संकोचू नये. २०१४ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर बीड लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांच्या विक्रमी फरकाने निवडून आल्या. २०२१ मध्ये रावसाहेब अंतापूरकर यांच्या निधनानंतर देगलूरची जागा त्यांचे चिरंजीव जितेश यांनी चाळीस हजारांहून अधिक मताधिक्याने राखली. २०२४ मध्ये खासदार वसंतराव चव्हाण गेले आणि नांदेडची जागा त्यांचे चिरंजीव रवींद्र यांच्याकडे आली, केवळ १,४५७ मतांनी का होईना. तिघेही आपापल्या परीने लायक असतील, त्यावर माझे काही म्हणणे नाही. दोन जिल्ह्यांत सतरंज्या उचलून म्हातारे झालेल्या कार्यकर्त्यांमधून पक्षांना दुसरे नाव का सुचत नाही, हा प्रश्न मात्र मला पडतो आणि चांगल्या मतदाराला तो पडता कामा नये. देगलूरचे ते आमदार पुढे २०२४ मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि भाजपकडून पुन्हा निवडून आले. आपण दिलेली सहानुभूती नेमकी कोणत्या पक्षाच्या खात्यात जमा झाली, याची पावती मतदाराने मागू नये.

नांदेडच्या मतदाराने तर यापुढची पायरी गाठली. २०२४ च्या त्या पोटनिवडणुकीच्या दिवशीच विधानसभेचेही मतदान होते. लोकसभेला त्याने काँग्रेसच्या वारसाला निवडून दिले आणि त्याच केंद्रांवर, त्याच शाईच्या बोटाने, त्या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीला दिल्या. यातून जाणकारांनी काय अर्थ काढायचा तो काढावा. मला तर तो माणूस आमच्यापेक्षा शहाणा वाटतो.

पोटनिवडणूक मिळणे हेसुद्धा भाग्याचे आहे, हे विसरू नये. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत ती भरावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१-क सांगते आणि उरलेला कार्यकाळ वर्षापेक्षा कमी असेल तर नाही भरली तरी चालेल, असेही तेच कलम सांगते. अशोक चव्हाण यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आमदारकीचा राजीनामा दिला, तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंत भोकरला आमदार नव्हता. पुण्याची लोकसभेची जागा मार्च २०२३ मध्ये रिकामी झाली. डिसेंबरात उच्च न्यायालयाने निवडणूक घ्या म्हणून सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुणेकर सव्वा वर्ष बिनखासदाराचे राहिले. त्यांचे काही अडले असे निदान आमच्या कानावर आले नाही. मग आमच्याकडेच ही निकड कशासाठी, असा आगाऊ प्रश्न विचारू नये.

नव्या डांबरावरून पहिला पाऊस पडेपर्यंतच चालावे.

पाहुण्यांचा आदर करावा. सार्वत्रिक निवडणुकीत ज्या रस्त्याने उमेदवारसुद्धा येत नाही, त्या रस्त्याने पोटनिवडणुकीत मंत्री येतात. जिल्हा परिषदेच्या एकेका गटाला बाहेरचा एकेक आमदार वाटून दिलेला असतो. आमच्या गटाला आलेले आमदार पश्चिम महाराष्ट्रातले होते आणि त्यांनी चावडीवर बसून आमच्या उसाची चौकशी केली. आमच्या शिवारात ऊस नाही, सोयाबीन आहे, तेही यंदा भाद्रपदातल्या पाण्यात जागेवर कुजले, हे त्यांना सांगण्याचे धाडस कोणाला झाले नाही. चौकशी केली हेच पुष्कळ. गावातल्या मंगल कार्यालयात महिनाभर पंगती उठत होत्या, तालुक्याच्या लॉजवर खोली मिळत नव्हती आणि वेशीत उभ्या असलेल्या गाड्यांची नावे आमच्या पोरांना पाठ झाली होती. विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे आणि निकालानंतर तीस दिवसांत त्याने हिशेब सादर करायचा असतो. तो हिशेब चाळीस लाखांच्या आत बसतो, नेहमीच बसतो. चांगल्या मतदाराने मंगल कार्यालयातली पत्रावळ मोजू नये.

आता आचारसंहितेविषयी. तिचा आदर कसा करावा, हे जरा विस्ताराने सांगावे लागेल, कारण तिथेच माझ्या हातून चूक झाली.

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी मी रीतसर अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, शपथपत्र, आई, मी आणि दोन बहिणी अशा चौघांची नावे. बहिणी परभणीहून आणि उदगीरहून राखीला आल्या, तेव्हाच त्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या. नोटिशीचे पंधरा दिवस पोळ्याच्या आत संपले. कोणाची हरकत आली नाही. दोन हेक्टर दहा आर कोरडवाहूवर हरकत घ्यायला येणार तरी कोण? त्यानंतर मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित करायचा, एवढेच राहिले होते. ते मतदार यादीच्या कामात होते. मी थांबलो. मग ते मतदान केंद्रांच्या पाहणीत होते. थांबलो. मग पोटनिवडणूक जाहीर झाली आणि सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, मला सांगण्यात आले की, आता आचारसंहिता आहे, निकालानंतर या.

वारस नोंद आचारसंहितेत बसत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. आचारसंहिता नव्या घोषणांना, भूमिपूजनांना, बदल्यांना अडवते. मेलेल्या माणसाचे नाव कमी करून त्याच्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर लावल्याने कोणत्या मतदाराला प्रलोभन होते, हे मला कोणी समजावून सांगावे. सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली, ती नेमकी याचसाठी. तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. नाव बदलले, कुलूप तेच राहिले. मी नियम दाखवा म्हणालो, तर समोरच्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्या घरचा सातबारा मागितला. आणि हे ऐकून मी बाहेर आलो, तेव्हा समोरच्या रस्त्यावर, याच आचारसंहितेत, ‘जुने मंजूर काम’ या नावाखाली रोलर फिरत होता! रस्त्याला चालते, विधवेला चालत नाही! पुन्हा ग्रामीण मतदारसंघाची पोटनिवडणूक असली की आचारसंहिता साऱ्या जिल्ह्याला लागते. म्हणजे ज्यांना यात मतही द्यायचे नव्हते, अशा शेजारच्या तालुक्यांतल्या लोकांनाही हेच उत्तर मिळत होते. हे माझ्या एकट्याचे रडगाणे नाही. अतिवृष्टीचे अनुदान आले, ते वडिलांच्या नावावर. मेलेला माणूस केवायसी करू शकत नाही. माझ्या नावावर जमीन नाही म्हणून माझा फार्मर आयडी निघत नाही. आयडी नाही म्हणून विमा नाही. हे सगळे एका सहीवर अडले होते आणि सही करणारा माणूस झेंड्यांची लांबी मोजत फिरत होता.

चुकलो. मतदाराने असे चिडायचे नसते. आचारसंहिता म्हणजे सुतक आहे असे समजून घरात बसावे.

दारूबंदीचा शेवटच्या अठ्ठेचाळीस तासांचा नियम काटेकोरपणे पाळावा आणि त्याआधीच्या महिन्यात साठा करून ठेवावा.

ज्यांना घरी बसवत नाही, त्यांनी मी केले ते करावे. मी चिरंजीवांच्या प्रचार कार्यालयात गेलो. तिथे एक स्वीय सहायक होते, तिशीतले, कानात यंत्र, अतिशय नम्र. त्यांनी माझे पूर्ण ऐकून घेतले, वहीत गट नंबर टिपून घेतला आणि विचारले, “काका, घरात मतं किती?” मी चार म्हणालो. खरे तर तीनच आहेत. चौथे वडिलांचे, यादीतून त्यांचे नाव अजून निघालेले नाही. ते म्हणाले, “मतदान होऊन जाऊ द्या, काका. साहेब स्वतः फोन लावतील.” मी हात जोडले आणि बाहेर आलो. गाडीला किल्ली लावताना लक्षात आले की, मी आत्ता मेलेल्या बापाचे मत विकायला काढले होते.

आणि इथून पुढे मला उपदेशाचा आव आणवत नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत पाकिटे आली. दोन्ही बाजूंची आली. कोणी किती घेतली हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. भाद्रपदात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांनी घेतली याचा मला राग नाही. ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे, ज्यांची पोरे पुण्यात नोकरीला आहेत, जे पारावर बसून लोकशाही बुडाली म्हणतात, त्यांनी घेतली. सकाळी तेच पांढरे कपडे घालून रांगेत पुढे होते. दोन गटांनी तीन प्रचारसभा घेतल्या आणि एकाही सभेत एकाही माणसाने उठून अनुदानाचे काय, वारस नोंदींचे काय, दवाखान्यात डॉक्टर कधी येणार, असे विचारले नाही. वर उभे असलेले तुम्हाला काय समजतात ते सोडा; खाली बसलेले तुम्ही स्वतःला काय समजता? बाप गेला म्हणून पोराला मत द्यायचे असेल तर द्या, तुमचा अधिकार आहे, पण मग पुढच्या निवडणुकीपर्यंत माझ्याकडे येऊन रस्त्याला खड्डे पडले, ट्रान्सफॉर्मर जळाला, पोरीच्या प्रवेशाला पत्र मिळेना, असे रडू नका. तुम्ही आमदार निवडलाच नाही, तुम्ही फक्त फेरफार मंजूर केलात. तोही एका रात्रीत, विनाहरकत. माझ्या आईची नोंद सहा महिने होत नाही आणि तुमचे कोणाचे काही बिघडत नाही, कारण तुमचे बाप अजून जिवंत आहेत.

मीही सभेत उठलो नाही, हेही लिहून ठेवतो. उठलो असतो तर साहेबांचा फोन गेला नसता, असे वाटले.

फोन गेला नाही. निकालानंतर चौथ्या दिवशी मी सज्जावर गेलो, तेव्हा मला सांगण्यात आले की, नव्या आमदारांचे पत्र आणले तर काम लवकर होईल. नवे आमदार हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला आहेत. स्वीय सहायकांचा नंबर लागत नाही. दरम्यान पहिल्या अर्जाची प्रत सापडत नसल्यामुळे दोन्ही बहिणींना सह्यांसाठी पुन्हा बोलावले आहे. त्या वेळ अमावस्येला येतील. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे सगळे नेहमीप्रमाणे होईल आणि यंदा शेतातली पूजा आई करील, सातबाऱ्यावर अजून वडीलच आहेत त्या शेतात.