विनोदी सिनेमात कुणीतरी गंभीर राहा की रे!

तो 'टुंईईंग' आवाज ज्यानं पहिल्यांदा मराठी सिनेमात घातला, त्याला शोधून काढा आणि पंचगंगेच्या घाटावर बसवून दिवसभर तोच ऐकवा. नायक पाय घसरून पडला, टुंईंग. सासऱ्याचं धोतर सुटलं, टुंईंग. बायकोनं डोळे वटारले, टुंईंग आणि वर ढोलकीचा एक तोडा. अरे, पडला ते दिसलं आम्हाला! डोळे आहेत. खासबागेच्या मैदानात पैलवान कधी ओरडून सांगतो का, "मंडळी, आता मी ढाक मारणार हाय, टाळ्या तयार ठेवा"? समोरच्याला कळायच्या आत तो आभाळ बघत पडलेला असतो, तेव्हा कुठं मैदान उठतं. इथं विनोद येणार म्हणून आधी वर्दी, येऊन गेला म्हणून नंतर पावती, आणि मध्ये विनोदाचाच पत्ता नाही.

रविवारी पुन्हा एकदा हे सगळं सोसून आलोय. सिनेमाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही; गेल्या काही वर्षांतला कुठलाही आठवा, तोच. घरची सगळी मंडळी घेऊन गेलो होतो. तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग मिळून जो आकडा झाला त्यात घरी मटण आणून चार पाहुणे जेवले असते आणि त्यातल्या एकानं तरी हसवलं असतं. थेटर निम्मं मोकळं. जे आले होते ते मोबाइलात तोंड घालून. मध्यंतराला आईनं विचारलं, "विनोदी म्हणालास न्हवं? मग हसायचं कवा?" काय सांगणार तिला? समोसा पुढं केला.

माझं म्हणणं साधं आहे. या सिनेमांतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की आपण विनोदी सिनेमात आहोत. नायकाला ठाऊक, त्याच्या मित्राला ठाऊक, मागून जाणाऱ्या भाजीवाल्यालाही ठाऊक. सगळे डोळे मोठे करून, मान तिरकी करून, प्रत्येक वाक्य ताणून बोलतात. ज्याच्या दारात सावकार उभा आहे तो कर्जाचं सांगताना स्वतःच फिदीफिदी हसतो. ज्याचं लग्न मोडतंय तो मांडवात नाचतो. बाबा रे, तुझंच काही अडलेलं नाही, तर मी कशाला तुझी काळजी करू? आणि काळजीच नाही तर हसू कसलं? माणूस पुरता अडकलेला पाहिजे. सुटायला धडपडला पाहिजे, आणि धडपडेल तितका आणखी रुतला पाहिजे. आणि हे सगळं त्याला स्वतःला अजिबात गमतीचं वाटता कामा नये. हसायचं काम आमचं आहे. तेवढ्यासाठीच तिकीट काढलंय.

यावर लगेच कुणीतरी 'अशी ही बनवाबनवी'चं नाव काढतं. निर्माते तर मुलाखतीत पाणी प्यायच्या आधी ते नाव घेतात. घ्या की! १९८८ चा सिनेमा, अजून टीव्हीवर लागला की घरातली कामं थांबतात. पण त्यातून यांनी शिकलं काय? तर पुरुषाला साडी नेसवली की लोक हसतात. झालं! तेव्हापासून जो तो उठतोय आणि पदर खोचतोय. साडी हा विनोद नव्हताच रे. विनोद होता जागेचा. पुण्यात पोरांना खोली मिळत नाही, घरमालकीण म्हणते जोडपी असाल तरच या, आणि रात्री डोकं टेकायला दुसरं छप्पर नाही. ही खरी अडचण. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी मिरवत नाहीत, पकडले जाऊ म्हणून जीव मुठीत धरून वावरतात. अशोक सराफ तर सगळ्यांचं निस्तरता निस्तरता कावलेला कर्ता माणूस. आणि ते पहिले घरमालक सरपोतदार! औषध आणून देणारा माणूस वारला हे कळल्यावर सुधीर जोशींच्या तोंडावर जे दुःख उमटतं ते आपल्या बुडालेल्या सत्तर रुपयांचं. पण दुःख अस्सल. त्या माणसाला तेव्हा जगात दुसरं काही दिसत नाही. म्हणून ते सत्तर रुपये आज सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत.

बरं, कथा तरी त्यांची स्वतःची होती का? नव्हती. हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा 'बीवी और मकान' होता, त्यावरून घेतलेली. पण लेखक वसंत सबनिसांनी ती पुण्याच्या घरमालकांत, भाडेकरूच्या भीतीत आणि मराठी माणसाच्या पै-पैच्या हिशेबात अशी मुरवली की उसनेपणाचा वास उरला नाही. आता दक्षिणेतला सिनेमा उचलायचा, नावं बदलायची, नारळाच्या बागेच्या जागी उसाचा फड दाखवायचा की झालं मराठी. त्या माणसाला तिथं जी अडचण होती ती इथल्या माणसाला येईल का, हे कुणी विचारतच नाही.

दुसरी ढाल दादा कोंडक्यांची. "दादांनी नाही का द्व्यर्थी केलं?" केलं. जोरात केलं. पण ते बघितलंय का नीट? १९७१ च्या 'सोंगाड्या'तला नाम्या आईच्या धाकातला भाबडा गडी. तो जे बोलतो ते त्याला सरळच वाटत असतं. चावट असतो तो खुर्चीत बसलेला आपण. दादा वाक्य टाकतात आणि असे उभे राहतात की, काय झालं बुवा, ही माणसं का हसायला लागली? सगळं पाप आपल्या माथी! आत्ताचे वीर बोलायच्या आधी डोळा मारतात, बोलून झाल्यावर जीभ चावतात, आणि शेजारचा "अय्यो" करून समजावून सांगतो. भाबडेपणा काढून घेतला की मागं उरते ती नुसती घाण, आणि ती बघायला शेजारी आई बसलेली. (दादांना पडद्यावर आणलं ते आमच्या भालजी पेंढारकरांनी, १९६९ च्या 'तांबडी माती'तून. हे आपलं जाता जाता. कोल्हापूरकराला सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आणि या गावाला विनोदी सिनेमा शिकवू नका. १९३८ साली मास्टर विनायकांनी हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' इथंच, कोल्हापुरात केला. लेखणी आचार्य अत्र्यांची. एक तरुण ब्रह्मचर्याचं व्याख्यान ऐकून पेटतो, शपथ घेतो, व्यायाम सुरू करतो, आणि मग त्याच्या पुढ्यात पोहण्याच्या पोशाखातली मीनाक्षी शिरोडकर! त्या पोशाखावरून तेव्हा केवढा गहजब झाला. पण गंमत पोशाखात नाहीच. त्या गड्याला खरोखर ब्रह्मचारी राहायचंय, यात सगळी गंमत. तो मुळातच लंपट असता तर सिनेमा पहिल्या रिळात संपला असता. आजचा दिग्दर्शक असता तर त्यानं नायकाला पहिल्याच प्रसंगात जीभ बाहेर काढायला लावली असती. आणि टुंईंग.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडं येतो. कोल्हापुरी पात्र. प्रत्येक सिनेमात एक ठेवलेलंच असतं. मिशा, डोक्याला फेटा, पायात करकरणारी चप्पल, समोर तांबडा-पांढरा, आणि दर तिसऱ्या वाक्याला "लई भारी", "नाद खुळा", "जाळ अन् धूर संगटच". बास. म्हणजे हा माणूस बोलतो हाच विनोद! त्याला काय पाहिजे, तो कशाला आलाय, त्याचं कुठं दुखतंय, काही नाही. पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्याला वाटतं "व्हय" लिहिलं की हशा. अहो, आम्ही डॉक्टरकडं पण असंच बोलतो. मयताला गेलो तरी असंच बोलतो. आमची काकू "मी देवळाला जाऊन आलो" म्हणते, इथल्या बायका बोलतातच तशा, आणि घरात कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. यांच्या सिनेमातली रांगडी कोल्हापुरी नायिका मात्र "मी येते गं" म्हणते आणि पुढच्या वाक्यात दोन "रं" जास्त लावून भरपाई करते. शिकवायला एक माणूस ठेवायचा नाही? एसटीचं तिकीट काढून इथं दोन दिवस राहिला तरी कान तयार होईल. आणि आम्ही दिवसरात्र मिशीवर ताव देत कुस्त्या खेळतो हे यांना कुणी सांगितलं? माझा चुलतभाऊ कोल्हापूरचाच आहे. बँकेत आहे, त्याला ॲसिडिटी आहे, पांढऱ्या रश्श्याचा वास आला तरी गोळी शोधतो.

खरा कोल्हापुरी विनोद ऐकायचा असेल तर मिरजकर तिकटीजवळ कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहा. परवा एक गिऱ्हाईक तणतणत आलं, "चहा गार दिलास की रे." चहावाल्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "बरं झालं की, फुकायचा तरास वाचला तुमचा." आणि पुढच्या माणसाचा कप भरायला लागला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. कुणाकडं बघितलं नाही, कुणी हसतंय का म्हणून थांबला नाही. आम्ही पाचसहा जण तोंडातला चहा सांडून हसतोय आणि हा सुट्टे मोजतोय! गिऱ्हाईकही शेवटी हसलं आणि तोच गार चहा पिऊन गेलं. हाच प्रसंग सिनेमात गेला असता तर चहावाला डोळे फिरवून बोलला असता, मग गिऱ्हाइकाचा क्लोजअप, मग चहावाल्याचा क्लोजअप, मग बाकावरच्या तिघांचे एकेक करून हसरे क्लोजअप, आणि त्यातला एक वर म्हणाला असता, "काय बोलला राव!" खल्लास.

हे क्लोजअपचं तर वेगळं भांडण आहे. विनोद दोघांच्या मध्ये घडतो. बोलणारा आणि ऐकणारा एका चौकटीत दिसू देत ना! ऐकणाऱ्याचे पडलेले खांदे, हातातला अडकलेला डबा, दारात येऊन थबकलेला तिसरा, हे सगळं एकदम दिसलं पाहिजे. हे एकेका थोबाडाचे तुकडे करतात आणि मग त्यात संगीत भरतात.

आणि टायमिंग टायमिंग म्हणून जे ओरडतात, ते टायमिंग येतं कुठून? प्रयोगातून. लक्ष्मीकांत बेर्डे सिनेमात चमकायच्या आधी 'टुरटुर' नाटकाच्या प्रयोगांत घासून निघाला होता. नाटकात हशा कुठं येतो, कुठं थांबायचं, कुठलं वाक्य कापायचं, हे प्रेक्षक रोज रात्री तोंडावर सांगतो. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांनी १९३५ च्या 'अ नाइट ॲट दि ऑपेरा'तले प्रसंग चित्रीकरणाआधी गावोगावच्या रंगमंचावर करून बघितले होते, लोक कुठं हसतात ते तपासलं होतं. आमच्याकडं संवाद सेटवर येऊन लिहिला जातो, आणि "बाकी तुम्ही तुमच्या पद्धतीनं फुलवा" म्हणून नटावर सोडला जातो. तो बिचारा टीव्हीवर दहा मिनिटांची स्किट करणारा. तिथं त्याच्यासमोर परीक्षक खुर्चीतून पडेस्तोवर हसतात. त्याला वाटतं हे सगळं आपणच केलं. मग त्याच माणसाला, त्याच आवाजात, त्याच विगसकट दोन तास ताणायचं. दहाव्या मिनिटाला तो संपलेला असतो. नंतर नुसता आरडाओरडा. स्किटमध्ये पात्राला कालही नसतो आणि उद्याही नसतो, म्हणून तिथं चालून जातं. सिनेमात दोन तास धरून ठेवायला त्याला घर लागतं, भीती लागते, कुणापासून तरी लपवलेली गोष्ट लागते.

नाटकाचं निघालं म्हणून सांगतो, केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा गावात रडलेली माणसं मी बघितली आहेत. विनोदाला जीव देणारा प्रेक्षक या गावात नाही असं म्हणायची कुणाची टाप नाही.

ट्रेलरचं थोडक्यात: बरे तीन विनोद त्यातच वापरून टाकता. ते थेटरात आले की लोक आधीच वाक्य पुरं करतात. आणि जाड्या, तोतरा, बहिरा सासरा, काळी मुलगी यांच्यावरचे विनोद आता पुरेत. हसू येत नाही, लाज वाटते. बस, यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आणि या सगळ्यावर वरताण म्हणजे मुलाखती. "मराठी प्रेक्षकच थेटरात येत नाही हो!" शो मिळत नाहीत हे खरं आहे. भलत्या वेळेचा एक शो, तोही कोपऱ्यातल्या पडद्यावर, यासाठी मीही तुमच्या बाजूनं भांडेन. पण रविवारी संध्याकाळचा शो मिळाला होता की! आम्ही आलो होतो की! आईला गुडघ्याच्या दुखण्यासकट जिने चढवून आणलं होतं. तिकडून परत आलेल्या माणसानं दुसऱ्याला काय सांगावं अशी तुमची अपेक्षा आहे? मराठी आहे म्हणून बघ? अभिमान म्हणून हसू येत असतं तर झेंडावंदनाला लोक गडाबडा लोळले असते.

कालच त्या सिनेमाच्या नायकाचा व्हिडिओ आला. गाडीत बसलेला, विग नाही, मेकअप नाही, हात जोडलेले. शो उतरवताहेत, निर्मात्यानं घर गहाण टाकलंय, कृपा करून या, असं म्हणता म्हणता त्याचा आवाज भरून आला, आणि नेमका तेव्हाच मागून कुणीतरी त्याची चुकीची लावलेली गाडी काढायला हॉर्न वाजवायला लागलं. तो एकीकडं रडतोय, एकीकडं "काढतो, काढतो" म्हणून हात करतोय, आणि किल्ली सापडेना. घरातली पोरं पोट धरून हसली. आईनं तर दोनदा लावायला सांगितला.